भुसावळात बसून वेल्श आडनावाचं मूळ कसं शोधायचं

आमच्या पंधरा बंगल्याच्या बाजूला पॉवेल आंटी राहतात. वय ऐंशीच्या पुढं, मराठी आपल्यासारखीच बोलतात, आणि हिवाळ्यात बामणोदच्या वांग्याचं भरीत असं करतात की माझी बायकोसुद्धा गप्प बसून खाते. त्यांचे पणजोबा जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत ड्रायव्हर होते, म्हणजे घराणं चार पिढ्या इथलंच. दोन वर्षांपूर्वी त्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात एक पत्र्याचा बिस्किटाचा डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, बेटा, सगळे आम्हाला इंग्लंडचे समजतात पण पप्पा म्हणायचे की आपण इंग्लिश नाही, वेल्श, म्हणजे इंग्लंडच्या शेजारच्या वेल्सचे, तर बघ ना कॉम्प्युटरवर नक्की कुठले ते. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे, चहा येईपर्यंत होऊन जाईल.

दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत जे शिकलो ते लिहून ठेवतोय कारण भुसावळ, मनमाड, इगतपुरी या रेल्वेच्या गावांत अजून बरीच अशी घरं आहेत, प्राइस, इव्हान्स, डेव्हिस, ह्यूज नावाची, आणि त्यांची पोरं आता विचारायला लागलीयेत. आणि ज्यांचा वेल्सशी काही संबंध नाही त्यांनीही वाचा, शेवटी पाटलांचं पण आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, नाहीतर माझ्यासारखे तीन महिने पाण्यात जातील. वेल्श आडनाव म्हणजे कुळाचं नाव नाही. ते कुणाच्यातरी बापाचं नाव आहे जे एका पिढीत गोठलं आणि मग तसंच पुढं चालू राहिलं. आपल्याला हे समजायला सोपं आहे कारण आपण मधलं नाव बापाचंच लावतो. आता कल्पना करा की उद्या सरकारनं फर्मान काढलं की पाटील चौधरी महाजन सगळं बंद, ज्याचं जे मधलं नाव तेच आजपासून त्याच्या घराण्याचं आडनाव. मग यावलचा एक रामदास आणि शिरपूरचा दुसरा रामदास, दोघांचा काडीचा संबंध नाही, पण शंभर वर्षांनी दोघांचे वंशज 'रामदास' आडनावाचे, आणि त्यातला एकजण बंगलोरला बसून दुसऱ्याला मेसेज टाकणार की आपण भाऊबंद दिसतोय. पॉवेल, जोन्स, डेव्हिस यांचं नेमकं हेच झालंय.

वेल्शमधे मुलाला 'आप' म्हणजे 'चा मुलगा' असं लावायचे आणि पुढच्या नावाची सुरुवात स्वरानं झाली तर 'आब'. मुलीला 'वेर्ख', अमक्याची मुलगी. लेवेलिन आप ग्रिफिथ हा १२८२ मधे मारला गेलेला वेल्सचा शेवटचा मोठा राजा, त्याचं नाव म्हणजे फक्त 'ग्रिफिथचा मुलगा लेवेलिन', बस. मग बोलताना तो आप पुढच्या नावाला चिकटला. आप हवेल भराभर म्हणून बघा, पहवेल, पवेल, पॉवेल. आप रीस चा प्राइस झाला. आप रिचर्ड चा प्रिचर्ड, आप हॅरी चा पॅरी, आप ह्यू चा प्यू, आप रॉबर्ट चा प्रोबर्ट. आब ओवेन चा बोवेन, आब एव्हन चा बेव्हन, आब एनियन चा बेनन. म्हणजे वेल्श घराण्यातलं आडनाव प किंवा ब नं सुरू होत असेल तर ते अक्षर काढून बघा, खाली बऱ्याचदा कुणाचातरी बाप सापडतो. मी हे आंटींना कागदावर लिहून दाखवलं तेव्हा त्या दोन मिनिटं नुसत्या कागदाकडं बघत होत्या, मग म्हणाल्या, म्हणजे एवढी वर्षं मी 'हवेलची' अशीच सही करत होते.

दुसरा प्रकार इंग्रजी पद्धतीचा, शेवटी एस लावायचा. जॉनचा तो जोन्स, डेव्हिडचा डेव्हिस, इव्हानचा इव्हान्स, तसेच विल्यम्स, रॉबर्ट्स, ह्यूज. गंमत म्हणजे जोन्स हे वेल्सचं सगळ्यात गाजलेलं आडनाव, पण इंग्रजी 'जे' (J) हे अक्षर जुन्या वेल्श बाराखडीत नाहीच. घरात तो इव्हान किंवा शॉन असायचा, इंग्रजी कारकुनानं जॉन लिहिला आणि त्याचा जोन्स झाला. आपल्याकडे तलाठ्यानं सातबाऱ्यावर काय काय करून ठेवलंय ते आठवा.

तिसरा प्रकार टोपणनावाचा, हा मला सगळ्यात आवडतो. लॉइड म्हणजे करडा, बहुतेक केसांवरून. वॉन म्हणजे लहान, धाकटा. गॉफ म्हणजे लालसर, गेथिन म्हणजे काळासावळा. आपले काळे, गोरे जसे. आता वॉनचा मूळ शब्द 'बाखन' आणि गॉफचा 'कोख', मग ब चा व आणि क चा ग कसा झाला यात मी खूप गोंधळलो होतो. वेल्शमधे शेजारच्या शब्दामुळे शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. आपण घोडा चं घोड्याला करतो ना, म्हणजे शेपूट बदलतो, ते तोंड बदलतात. हे माहीत नसेल तर जुन्या कागदात एकच माणूस दोन माणसं वाटतो.

गावावरून पडलेली आडनावं तिथं कमी, मॉस्टिन, पेनंट अशी थोडी, बहुतेक जमीनदारांची. मॉस्टिनचा किस्सा सांगतात तो असा की आठव्या हेन्रीच्या काळात कोर्टात एका माणसानं आपलं नाव सांगितलं, टॉमस आप रिचर्ड आप हवेल आप अमका, तर वरचा इंग्रज साहेब वैतागला की एवढे आप कुठं लिहीत बसू, गावाचं नाव लाव. आणि तो झाला मॉस्टिन. १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडला जोडला, कोर्टाची भाषा इंग्रजी झाली, तसं मोठ्या घरांनी भराभर कायमची आडनावं घेतली. पण गरीब शेतकरी, मेंढपाळ यांनी बापाचं नाव लावायची पद्धत आणखी दोन-अडीचशे वर्षं सोडली नाही, काही डोंगरी भागात तर एकोणिसाव्या शतकापर्यंत. हे वाक्य परत वाचा, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच आहे.

आता कामाला लागू.

सुरुवात कॉम्प्युटरवरून करू नका, घरातल्या डब्यापासून करा. आंटींच्या डब्यात बाप्तिस्म्याचे तीन दाखले होते, एक लग्नाचा, रेल्वेच्या पासाचे तुकडे, आणि तळाला एक छोटं काळं बायबल जे इंग्रजीत नव्हतं. मला आधी वाटलं जर्मन असेल. पहिल्या पानावर शाईनं नाव आणि खाली एकच शब्द, पुढचं पाण्यानं पुसलेलं. तो शब्द होता ल्लानविहांगेल. प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मागच्या बाजूलाच काहीतरी खरडलेलं असतं. आणि म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा, मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, पण प्रश्न विचारून नाही. फोटो हातात द्या आणि गप्प बसा. आंटींना मी दहा वेळा विचारलं की पणजोबांना भाऊ होते का, त्या म्हणाल्या माहीत नाही. एका संध्याकाळी भाजलेल्या वांग्याची सालं काढता काढता सहज म्हणाल्या की पप्पांचा एक चुलतआजा कोळशाच्या खाणीत गेला होता म्हणे.

मग इथले कागद. जीआयपी रेल्वेनं १८६० च्या दशकात खानदेशात रूळ टाकले, भुसावळहून एक फाटा १८६७ ला नागपूरला पोचला आणि १८७० ला मुंबई-जबलपूर सलग झालं. त्या वेळी ड्रायव्हर, फिटर, फोरमन विलायतेतून आणायचे. हे लोक ज्या चर्चमधे जायचे तिथले पाद्री दर वर्षी बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींची नक्कल वर पाठवायचे आणि त्या नकला शेवटी लंडनला गेल्या. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, मुंबई इलाख्याच्या खात्याला 'एन ३' असा नंबर आहे, बंगालला एन १ आणि मद्रासला एन २. त्यातलं बरंच फाइंडमायपास्ट नावाच्या साइटवर पैसे भरून बघता येतं. पण त्याआधी फिबिस बघा, फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी, त्यांचा सर्च फुकट आहे. परदेशी साइटवर पैसे भरताना आपलं कार्ड हमखास नकार देतं, तेव्हा बँकेच्या ॲपमधे जाऊन इंटरनॅशनल व्यवहार आधी चालू करा आणि काम झालं की लगेच बंद करा. आणि सबस्क्रिप्शन आपोआप रिन्यू होतं, ते त्याच दिवशी बंद करून टाका, मी विसरलो होतो आणि बायकोला मेसेज आला, पुढचं सांगत नाही.

सर्च करताना स्पेलिंगवर अडून बसू नका. भुसावळ जुन्या कागदात भोसावल, भोसावुल असं काहीही मिळतं, खानदेशचं कॅंडेश असतं. आणि जिल्हा शोधताना लक्षात ठेवा की १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, मग पूर्व आणि पश्चिम झाले, पूर्वचा जळगाव आणि पश्चिमचा धुळे, त्यातून नंदुरबार तर १९९८ ला निघाला. १८८० च्या कागदावर जळगाव जिल्हा शोधत बसलात तर काहीच हाती लागणार नाही.

लग्नाच्या नोंदीत सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे बापाचं नाव. आंटींच्या पणजोबांचं लग्न १८७८ ला भुसावळला झालं, तिथं बापाचं नाव रीस पॉवेल. रीस हे नाव वाचून माझा जीव भांड्यात पडला, कारण नुसत्या आडनावावरून कुणी वेल्श ठरत नाही. विल्यम्स, रॉबर्ट्स, डेव्हिस ही इंग्रजांतही ढिगानं सापडतात. आणि आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या वेळी, अनाथालयात, मिशनच्या शाळेत साहेबाचं नाव मिळालेली माणसंही आहेत, त्यांच्या नसांत वेल्सचा थेंब नसतो आणि त्यात कमीपणाही काही नाही. म्हणून पहिली नावं बघा. रीस, ओवेन, इव्हान, ग्रिफिथ, मॉर्गन, ग्वेन अशी पहिली नावं आडनावासोबत दिसली की पारडं जड होतं.

आता गाव. इथं मी तोंडावर पडलो.

बायबलमधे ल्लानविहांगेल होतं. उच्चाराचं आधी सांगतो, तो सुरुवातीचा डबल एल म्हणजे ल म्हणायला जीभ लावायची आणि आवाज न काढता बाजूनं हवा सोडायची, मांजर फिस्कारतं तसं. एफ चा उच्चार व, डबल एफ म्हणजे फ, आणि डब्ल्यू हा चक्क स्वर, उ. मी मॅपवर शब्द टाकला, पहिलं जे गाव आलं ते मॉनमथशर परगण्यातलं ल्लानविहांगेल क्रुकॉर्नी, तिथं पॉवेल पण भरपूर, एक रीस पण मिळाला. झालं, मी तीन महिने त्या रीसच्या मागं, त्याची बायको, त्याची सहा पोरं, सगळा तक्ता काढून आंटींना छान लॅमिनेट करून दिला. नंतर कळलं की ल्लान म्हणजे चर्चचं आवार आणि विहांगेल म्हणजे सेंट मायकेल, आणि सेंट मायकेलच्या नावाची चर्चं वेल्समधे सगळीकडं आहेत. ल्लानविहांगेल नुसतं म्हणणं म्हणजे खानदेशात पिंपळगाव म्हणणं. कोणतं पिंपळगाव भो? हरेश्वर, बुद्रुक की खुर्द?

तर सुटका कशी झाली ते सांगतो कारण हीच खरी ट्रिक आहे. ॲबरिस्टविथला वेल्सची नॅशनल लायब्ररी आहे, १९०७ ला स्थापन झालेली, तिनं जुनी वेल्श वर्तमानपत्रं १९१९ पर्यंतची स्कॅन करून फुकट ठेवलीत, लॉगिन पण लागत नाही. तिथं मी आडनाव टाकून थकलो होतो, हजारो पॉवेल. मग एक दिवस उलटं केलं, आडनाव सोडलं आणि भुसावळ टाकलं, भोसावुल स्पेलिंगनं. चारपाचच निकाल आले. त्यात १८९० च्या दशकातली तीन ओळींची मृत्यूची बातमी, मुंबई इलाख्यात भोसावुल इथं, जीआयपी रेल्वेचा ड्रायव्हर, ल्लानविहांगेल ताल-अ-ल्लिनच्या कैलासवासी रीस पॉवेल यांचा तिसरा मुलगा. ताल-अ-ल्लिन! ब्रेकनशर परगणा! मी दुकानात एवढ्या जोरात ओरडलो की आधार कार्डाची कलर झेरॉक्स काढायला आलेली एक मावशी घाबरून बाहेर गेली.

म्हणजे नियम काय तर जोन्स, पॉवेल अशी गर्दीची आडनावं कधीच एकटी शोधायची नाहीत. सोबतची दुर्मिळ गोष्ट शोधायची, गावाचं नाव, शेताचं नाव, आईचं वेगळं आडनाव, धंदा. १८५० च्या दशकातच तिकडच्या नोंदणी खात्यानं अहवालात लिहून ठेवलंय की वेल्समधे बाजारात उभं राहून जॉन जोन्स अशी हाक मारली तर ती नेमकी कुणाला मारली हे कुणालाच कळणार नाही. आपल्या आठवडे बाजारात ओ पाटील म्हणून बघा, अर्धा बाजार मागं वळेल. म्हणून तिथं गावात जोन्स दूधवाला, जोन्स पोस्टवाला असंच म्हणायचे आणि वेल्श पलटणीत तर नंबरानं ओळखायचे. १८७९ च्या दक्षिण आफ्रिकेतल्या रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक मिळालेल्यांत दोन जोन्स होते, ५९३ आणि ७१६.

ताल-अ-ल्लिन मॅपवर बघितलं तर लहानसं गाव, तळ्याकाठी. आणि बाजूला काय तर जंक्शन! १८६० च्या दशकात तिथं ब्रेकन अँड मर्थर आणि मिड-वेल्स या दोन रेल्वे येऊन मिळाल्या, १९६२ ला ते बंद पडलं. म्हणजे हा पोरगा बारा-चौदा वर्षांचा असताना घरासमोर जंक्शन उभं राहिलं आणि पंचविशीत तो निघाला ते थेट दुसऱ्या जंक्शनला येऊन थांबला. आंटींना सांगितलं तर म्हणाल्या, बघ, इंजिनाचा धूर आमच्या नाकात आधीपासूनच होता.

गाव मिळालं की वेल्सचे कागद. जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे, तिची सूची फ्रीबीएमडी नावाच्या साइटवर फुकट मिळते आणि प्रत्यक्ष दाखला नोंदणी खात्याकडून पैसे भरून मागवायचा. जनगणना दर दहा वर्षांनी, नावासकट १८४१ पासून, आणि शंभर वर्षं झाल्याशिवाय उघडत नाहीत म्हणून सध्या १९२१ पर्यंतच्याच. १९३१ ची जळाली, १९४१ ची युद्धामुळं झालीच नाही. १८९१ पासून वेल्समधे माणूस वेल्श बोलतो की इंग्रजी की दोन्ही हे पण विचारायचे, तो रकाना आवर्जून बघा. फॅमिलीसर्च वर अकाउंट काढलं की बरंच फुकट दिसतं. १८५८ च्या आधीची मृत्युपत्रं त्याच ॲबरिस्टविथच्या लायब्ररीत ऑनलाइन आहेत, आणि दशमांश कराचे नकाशे पण, म्हणजे १८४० च्या सुमाराला कोणतं शेत कोण कसत होतं ते नंबरासकट. आपला सातबारा आणि गाव नकाशा एकत्र धरल्यासारखं. मी त्यात दोन रात्री घालवल्या, गरज नसताना.

१८३७ च्या मागं गेलात की चर्चची रजिस्टरं. रजिस्टर ठेवायचा हुकूम १५३८ चा आहे पण वेल्समधली बरीच रजिस्टरं त्यानंतर खूप उशिरा सुरू होतात. आणि वेल्श लोक अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मोठ्या संख्येनं मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट अशा वेगळ्या पंथांत गेले, त्यांची पोरं चर्चच्या वहीत सापडायची नाहीत, त्यांच्या चॅपलच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, वहीत बघावं लागतं. तारखांची एक गंमत, १७५२ च्या आधी त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, जवळपास आपल्या पाडव्यालाच, म्हणून १७४० च्या वहीतला फेब्रुवारी आपल्या हिशोबानं १७४१ चा असतो. मी एका बाईचं लग्न तिच्या पोराच्या जन्मानंतर लावून बसलो होतो.

आणि आता तो मघाचा घोळ. १८०० च्या आसपास आणि त्याच्या मागं गेल्यावर आडनाव स्थिर असेल हे गृहीतच धरायचं नाही. बाप डेव्हिड टॉमस, तर पोरगा इव्हान डेव्हिड किंवा इव्हान डेव्हिस, आणि नातू चक्क इव्हान्स. सख्खे भाऊ दोन आडनावांचे मिळतात. बायका तर लग्नानंतरही बऱ्याचदा माहेरचंच नाव लावायच्या, वहीत आई वेगळ्या आडनावाची दिसली म्हणून लगेच दुसरं घर समजू नका. अशा वेळी घराचं, शेताचं नाव धरून मागं जायचं, आणि पहिली नावं कशी परत परत येतात ते बघायचं, आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत तिथंही होती. डीएनए टेस्ट करू का असं बरेच विचारतात. करा, पण आडनाव जुळलं म्हणून डीएनए जुळेल ही आशा ठेवू नका, कारण हवेल नावाचे बाप शेकडो होते.

आडनाव पसरलं कसं हे बघायचं तर कोळसा आणि जहाज या दोन गोष्टींच्या मागं जा. उत्तरेतून स्लेटच्या खाणीतली माणसं लिव्हरपूलला, दक्षिणेत शेतं सोडून लोक मर्थर आणि ऱ्होंडाच्या दऱ्यांत कोळशाला, तिथून अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनला. त्याच पेनसिल्व्हेनियात १६८२ पासून क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे वेल्श लोक आधीच जाऊन बसले होते. १८६५ ला मिमोसा जहाजातून दीडशेच्या आसपास माणसं थेट अर्जेंटिनात पॅटागोनियाला उतरली, आपली भाषा जगवायला म्हणून, आणि आजही तिथं स्पॅनिश पहिलं नाव आणि पुढं जोन्स, इव्हान्स अशी माणसं आहेत. पण सगळ्यात भारी ह्यूज. मर्थरचा जॉन ह्यूज १८७० ला शंभरेक कामगार घेऊन रशियाच्या झारच्या राज्यात गेला आणि गवताळ माळावर लोखंडाचा कारखाना टाकला. भोवती जे गाव वसलं त्याचं नाव पडलं युझोव्का, म्हणजे ह्यूजचं गाव. तेच आजचं दोनेत्स्क, जे युद्धाच्या बातम्यांत रोज ऐकतो. एका वेल्श बापाचं नाव, त्याला शेवटी इंग्रजी एस, त्यावर रशियन प्रत्यय, आणि झालं शहर.

आपल्या देशातही बघा. कलकत्त्याला १७८४ ला एशियाटिक सोसायटी काढणारा आणि संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं मूळ एकच असावं म्हणणारा सर विल्यम जोन्स, त्याचा बाप अँगलसी बेटावरचा गणिती, त्यानंच १७०६ ला गणितातलं पाय (π) हे चिन्ह आजच्या अर्थानं पहिल्यांदा छापलं. चेरापुंजीला १८४१ ला जाऊन खासी भाषेला रोमन लिपी देणारा मिशनरी टॉमस जोन्स. आणि १६८७ पासून मद्रासचा गव्हर्नर असलेला एलिहू येल, ज्याच्या नावानं ते अमेरिकेतलं विद्यापीठ, त्याचं आडनाव वेल्समधल्या याल या भागावरून पडलेलं. त्याची कबर रेक्सहॅमला आहे.

आता पाटील. हे सगळं चालू असताना आंटींनी एकदा विचारलं, बेटा तू माझं एवढं काढलंस, तुझा पाटील कुठला? आणि मी गप्प, कारण पाटील हे आडनाव नाहीच, हुद्दा आहे. दाखल्यावर पाटील आणि लग्नपत्रिकेत भलतंच असं आपल्याकडे किती घरांत आहे. बहिणाबाईंचंच बघा, माहेर असोद्याचं महाजन, सासर जळगावचं चौधरी, दोन्ही मुळात कामाची, मानाची नावं. सातपुड्यातल्या पाडवी, वळवी, वसावे यांचं वेगळं, तिथं नाव कुळालाच जाऊन भिडतं. म्हणून आपल्यासाठीही रीत तीच, आडनाव बाजूला ठेवा, गाव धरा. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, तहसीलचं कोतवाल बुक, जुने फेरफार, हे तर जात पडताळणीमुळं आता सगळ्यांना पाठ झालंय. त्याच्या मागं जायचं तर मोडी वाचणारा माणूस शोधा, धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात एक चक्कर मारा, आणि नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांकडे आपल्या गावाचं नाव सांगा, ते लाल चोपडी काढून खापरपणजोबाची सही दाखवतात. आडनाव ते दुसऱ्यांदा विचारतात, आधी विचारतात गाव. आमच्या समाजात भाट यायचे वह्या घेऊन, माझ्या आजोबांनी शेवटच्या भाटाला धान्य दिलं होतं असं आई सांगते, तो कुठल्या गावचा होता एवढंच कुणी विचारून ठेवलं नाही.

आंटींचं सध्या असं अडलंय. पणजोबांचे वडील रीस पॉवेल मिळाले, जनगणनेत, बायकोसकट, शेताच्या नावासकट. त्यांचा बाप्तिस्मा १८२० च्या आसपासचा, तिथं बापाचं नाव टॉमस पॉवेल. पण त्याच शेतावर १७९० च्या दशकात जो टॉमस जन्माला आलेला दिसतो त्याच्या बापापुढं पॉवेल नाही, हवेल लिहिलंय. आता हा तोच टॉमस असेल तर आडनाव गोठलं ती पिढी आपल्याला जवळपास सापडली, आणि नसेल तर आपण पुन्हा क्रुकॉर्नीच्या वाटेवर. पुढची वही ऑनलाइन नाही. म्हणून ब्रेकनशर आज ज्यात येतं त्या पॉविसच्या अभिलेखागाराला मेल टाकलाय. असा मेल टाकताना पाच-सहा ओळींच्या वर लिहू नका, गाव, शेत, वर्षं आणि नेमकी कोणती एक नोंद पाहिजे तेवढंच, घराण्याची कहाणी नको. पहिला मेल मी अडीच पानांचा लिहिला होता, आंटींच्या भरितासकट. तो पाठवायच्या आधी त्यांनीच वाचला आणि म्हणाल्या, सगळं काढ, फक्त शेताचं स्पेलिंग परत एकदा तपास.